चित्रण ऐन वेळी हाती आले पाहिजे!

कुरकुंभ आता केवळ दौंड तालुक्यातील एक गाव राहिलेले नाही. पुणे-सोलापूर महामार्ग आणि दौंड-बारामती रस्ता यांच्या तिठ्यावरील या गावाला एमआयडीसीच्या रासायनिक कारखान्यांमुळे वेगळेच महत्त्व आले आहे. जेथे मोठे कारखाने येतात तेथे लहान धंदे आपोआप उभे राहतात. भंगाराचे गोदाम, रिकाम्या ड्रमचा व्यवहार, ट्रकचे गॅरेज, वेल्डिंग-फॅब्रिकेशन, टायरचे दुकान, ट्रान्सपोर्टची कचेरी, महामार्गालगतचे हॉटेल. या धंद्यांत आमचे अनेक बंधू घाम गाळून रोजी कमावतात. आज यांपैकी बहुतेकांच्या दारावर कॅमेरा दिसतो. गल्ल्यावर एक, फाटकावर एक, मागच्या अंगणात एक. मालकाच्या मोबाईलवर दुकानाचे चित्रही दिसते आणि मालक निश्चिंत होतो.

आमचा प्रश्न एवढाच आहे की, आठ दिवसांपूर्वी रात्री अडीच वाजता आपल्या फाटकातून कोणती गाडी आत आली, हे आपण आज दाखवू शकाल काय? मोबाईलवर चित्र दिसणे ही एक गोष्ट आहे आणि ते चित्र डिस्कवर साठणे ही सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. डिस्क बंद पडली तरी थेट चित्र दिसतच राहते. म्हणून अनेकांचे यंत्र महिनोन्‌महिने काहीही न साठवता चालू असते आणि गरज पडते त्या दिवशी ते उघडकीस येते.

खरी गरज कोणाला?

कॅमेरा चोरासाठी असतो असे आपण समजतो. ते खरे आहे, पण अपुरे आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीतील एका कारखान्यावर छापा घालून मेफेड्रोन या अमली पदार्थाचा मोठा साठा जप्त केला. त्या प्रकरणाचे धागेदोरे पुढे देशभर शोधले गेले. अशा वसाहतीत जो माणूस रिकामे ड्रम विकत घेतो, भंगार उचलतो किंवा गाडी भाड्याने देतो, त्याने काय समजावे? आपल्या गोदामात कोणता माल कधी आला, कोणी उतरवला, कोणत्या गाडीतून गेला, हे पावती आणि चलनाबरोबर चित्रणानेही सिद्ध करता आले पाहिजे. निष्पाप माणसावर संशय आला तर तोंडी खुलासा फार दूर जात नाही. तारीख-वेळेसह असलेले चित्रण जाते. म्हणून आम्ही म्हणतो की रेकॉर्डर ही प्रामाणिक व्यापाऱ्याची खातेवही आहे, आणि खातेवही रोज लिहिली जाते की नाही हे पाहणे मालकाचे काम आहे.

जालन्याच्या खटल्याचा धडा

चित्रण आहे, पण ते कोर्टात टिकेल का? या प्रश्नाचा देशातील सर्वांत महत्त्वाचा निकाल आपल्याच महाराष्ट्रातील जालन्याच्या प्रकरणात लागला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचे म्हणणे असे की, खोतकर यांचे उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी ३ ची मुदत उलटून गेल्यावर दाखल झाले. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीत आणि बाहेर व्हिडिओ कॅमेरे चालू होते. त्यांच्या चित्रणाच्या सीडी कोर्टात आल्या. वाद सारा वेळेचा होता आणि वेळ चित्रणात होती.

परंतु कायद्याने लागणारे प्रमाणपत्र अधिकाऱ्यांनी वारंवार मागूनही दिले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्याच्या कोर्टातील साक्षीवरून चित्रण ग्राह्य धरले आणि २०१७ च्या नोव्हेंबरात ती निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींनी स्पष्ट केले की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची नक्कल पुरावा म्हणून द्यायची असेल तर लेखी प्रमाणपत्र सक्तीचे आहे, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मूळ यंत्रच हजर करून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर गोष्ट वेगळी. आणि ज्याने सर्व प्रयत्न करूनही समोरचे खाते प्रमाणपत्र देत नाही, त्याला त्या अटीतून सूट मिळू शकते. या प्रकरणात तशी सूट मिळाली, शिवाय इतर पुरावाही होता, म्हणून उच्च न्यायालयाचा निकाल कायम राहिला.

तेव्हा १८७२ चा पुरावा कायदा होता. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या परिशिष्टातच छापलेला आहे. त्याचे दोन भाग आहेत. एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात यंत्राची कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक आणि फाईलची 'हॅश' म्हणजे गणिती ठसा लिहावा लागतो. फाईलमध्ये एका अक्षराचाही बदल झाला तर हा ठसा जुळत नाही.

जालन्याचे प्रकरण आमदारकीचे होते. आपले प्रकरण एखाद्या ट्रकच्या मालाचे असेल. कायदा दोघांना एकच आहे. हे लक्षात ठेवून आता यंत्राकडे वळू.

यंत्र कोणते?

जुन्या पद्धतीत कॅमेऱ्यापासून गोल तार डीव्हीआर नावाच्या पेटीत येते आणि चित्राचे आकड्यांत रूपांतर पेटी करते. नव्या पद्धतीत हे काम कॅमेरा स्वतःच करतो आणि तयार माहिती संगणकाच्या जाळ्यासारख्या तारेतून एनव्हीआर म्हणजे नेटवर्क रेकॉर्डरकडे पाठवतो. फायदा असा की चित्र अधिक स्पष्ट मिळते आणि एकाच तारेतून वीज आणि चित्र दोन्ही जातात. या सोयीला पीओई म्हणतात. तोटा असा की जाळे नीट मांडले नाही तर बिघाड शोधताना डोके दुखते.

खरेदी करताना पक्के बिल घ्या. ९ एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षाविषयक चाचणी सक्तीची केली आहे. घेत असलेले मॉडेल त्यात बसते का, हे दुकानदाराला विचारा. दोन वेगळ्या कंपन्यांचा माल जोडायचा असेल तर दोन्हींवर 'ऑनव्हिफ'चा उल्लेख आहे का ते पाहा. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलावीत म्हणून २००८ साली ठरवलेली ही सामाईक भाषा आहे.

कॅमेऱ्याची जागाही धंदा पाहून ठरवा. गल्ल्यासाठी २.८ मिलिमीटरची रुंद भिंग ठीक. पण तीच भिंग फाटकावर लावली तर गाडी दिसेल, नंबर वाचता येणार नाही. नंबरासाठी अरुंद नजरेची, ६ किंवा ८ मिलिमीटर अथवा त्याहून मोठी भिंग हवी आणि रात्री हेडलाईटच्या झोतात ती तपासून पाहिली पाहिजे.

एक इशारा कुरकुंभच्या कारागिरांना मुद्दाम द्यावासा वाटतो. जेथे सॉल्व्हंटच्या ज्वालाग्राही वाफा असू शकतात, तेथे साधा कॅमेरा किंवा साधी जोडणीची पेटी कोणी सांगितली तरी लावू नका. तेथे ज्वालारोधक आणि त्यासाठी प्रमाणित झालेलीच सामग्री लागते. दोन हजारांच्या कामासाठी जीव धोक्यात घालू नये.

तार आणि वीज

नेटवर्कच्या तांब्याच्या तारेची मर्यादा एका टप्प्यात १०० मीटर आहे. मागचे अंगण त्याहून लांब असेल तर मध्ये स्विच घ्या किंवा फायबर टाका. दोन वेगळ्या इमारतींत तर फायबरच बरे, कारण पावसाळ्यात विजेचा झटका तांब्याच्या तारेतून आत येतो, काचेच्या तारेतून येत नाही.

बाजारात स्वस्त तार मिळते, ती आतून अ‍ॅल्युमिनियमची आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेली असते. अशा तारेतून वीज नीट पोहोचत नाही. तार सोलून टोक चाकूने खरवडा. आत पांढरे दिसले तर परत करा. वेल्डिंग मशिनची केबल आणि तीन फेजची लाईन यांच्याबरोबर कॅमेऱ्याची तार एकाच पाइपातून नेऊ नका.

साध्या पीओई पोर्टमधून जास्तीत जास्त १५.४ वॅट निघतात, पण आठ पोर्टच्या स्विचची एकूण ताकद आठपट असतेच असे नाही. ती स्विचवर लिहिलेली असते, ती वाचा आणि सर्व कॅमेऱ्यांच्या रात्रीच्या वॅटची बेरीज तिच्याशी ताडून पाहा. बेरीज रात्रीचीच करायची, कारण अंधारात कॅमेऱ्याचे अवरक्त दिवे लागतात आणि खप वाढतो.

वीज गेल्यावर चोराला सवड मिळू नये म्हणून रेकॉर्डर, स्विच आणि राउटर तिन्ही यूपीएसवर घ्या. आठ कॅमेऱ्यांचा संच साधारण ८० वॅट घेतो. छोट्या यूपीएसमधील १२ व्होल्ट ७ अ‍ॅम्पिअर-तासाची नवी बॅटरी त्याला जेमतेम अर्धा तास पुरते. देखभालीसाठी दिवसभर वीज बंद असते त्या दिवशी मोठ्या बॅटरीचा इन्व्हर्टरच हवा.

डिस्कचा हिशेब

'महिन्याचे रेकॉर्डिंग राहील' असे विकणारा सांगतो. त्याच्या शब्दावर न जाता हिशेब करा. कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट माहिती पाठवत असेल तर ती अर्धा मेगाबाईट झाली. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे एका कॅमेऱ्याला दिवसाला ४३.२ जीबी. आठ कॅमेऱ्यांना ३४५.६ जीबी. ४ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते! त्यानंतर यंत्र जुने पुसून नवे लिहू लागते. एच.२६५ ही नवी दाबण्याची पद्धत वापरून वेग २ मेगाबिटवर आणला तर तीच डिस्क २३ दिवस पुरते. पूर्ण ३० दिवसांसाठी त्या वेगाने ६ टीबीची डिस्क लागते.

संगणकाची जुनी डिस्क बसवू नका. अहोरात्र लिहिण्यासाठी बनवलेली वेगळी डिस्क मिळते, तीच घ्या. हालचाल असेल तेव्हाच चित्रण करण्याची सोय जागा वाचवते, पण कधी मोक्याचा क्षण चुकवते. म्हणून फाटक आणि गल्ला या दोन ठिकाणी अखंड चित्रण ठेवा.

घड्याळ आणि कुलूप

जालन्याच्या वादात सारे काही दुपारच्या ३ या वेळेवर होते. आपल्या यंत्राचे घड्याळ चाळीस मिनिटे मागे असेल तर खरे चित्रणही आपल्याविरुद्ध उभे राहू शकते. सेटिंगमध्ये वेळेचा विभाग भारताचा, म्हणजे ५.३० तास पुढचा ठेवा. इंटरनेटवरून वेळ मिळवण्याची एनटीपी ही सोय चालू करा आणि कॅमेऱ्यांनी वेळ रेकॉर्डरकडून घ्यावी असे करा. वीज गेल्यावर तारीख मागे जात असेल तर आतली नाण्याएवढी बॅटरी संपली असे समजा. काही रुपयांची वस्तू आहे ती.

दुसरे कुलूप पासवर्डचे. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्याचाच पासवर्ड ठेवलेले कॅमेरे आणि रेकॉर्डर जगभरातून ताब्यात घेतले. त्यांच्या बळावर २१ ऑक्टोबर २०१६ रोजी झालेल्या हल्ल्याने ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास विस्कळित झाल्या. आपल्याजवळचे उदाहरण २०२५ च्या फेब्रुवारीतले. राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील महिला रुग्णांची चित्रणे इंटरनेटवर विकली जात असल्याचे उघड झाले आणि महाराष्ट्रातूनही अटक झाली. दुसऱ्याची अब्रू आपल्या पेटीत ठेवलेली आहे, ही जाणीव हवी. पासवर्ड लांब ठेवा, बसवणाऱ्याचे खाते काम झाल्यावर बंद करा, नोकराला केवळ पाहण्यापुरते वेगळे खाते द्या. राउटरमध्ये बाहेरून थेट दार उघडून देऊ नका.

कॅमेऱ्याची नजर शेजाऱ्याच्या दारात, खिडकीत जात असेल तर तो भाग झाकण्याची सोय यंत्रातच आहे. शेजाऱ्याने सांगण्याची वाट पाहू नये.

बिघाड कसा ओळखावा?

*दिवसा चित्र येते, अंधार पडताच जाते.* वीज अपुरी पडते. स्विचची ताकद, तारेची लांबी आणि तारेचा दर्जा या क्रमाने पाहा. तोच कॅमेरा छोट्या तारेने स्विचजवळ जोडून रात्री चालला तर दोष तारेत आहे.

*दोन कॅमेरे आलटून पालटून दिसतात.* दोघांचा पत्ता एकच आहे. एकाच कंपनीचे नवे कॅमेरे बहुधा एकच पत्ता घेऊन येतात. एकावेळी एकच जोडा, त्याला वेगळा पत्ता द्या, कागदावर लिहा, मग दुसरा जोडा. राउटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांपैकी पत्ता देऊ नका.

*कॅमेरा यादीत आहे, पण पडदा काळा.* पासवर्ड चुकीचा असेल, अथवा कॅमेरा एच.२६५ मध्ये बोलतो आणि जुन्या रेकॉर्डरला ती भाषा येत नाही. कॅमेरा एच.२६४ वर आणून पाहा. दुसऱ्या कंपनीचा असेल तर काही कॅमेऱ्यांत ऑनव्हिफसाठी वेगळे खाते उघडावे लागते.

*रात्री चित्र पांढरेफटक.* भिंगेसमोर कोळ्याचे जाळे किंवा काचेवर धूळ. गॅरेज आणि भंगाराच्या जागी दर पंधरवड्याला मऊ फडक्याने काच पुसा.

*पावसानंतर कॅमेरा बंद.* जोडणीत पाणी शिरले. आतल्या तांब्यावर हिरवट थर दिसला तर टोक कापून नवे बसवा आणि जोडणी बंद पेटीत घ्या. रासायनिक वसाहतीच्या हवेत हे अधिक जपावे लागते.

*दुकानात दिसते, मोबाईलवर दिसत नाही.* दोष बहुधा इंटरनेटचा किंवा राउटरचा असतो. रेकॉर्डिंग चालू आहे याची आधी खात्री करा, मग निवांतपणे इंटरनेट दुरुस्त करा.

*यंत्र सारखे बीप वाजवते.* आवाज बंद करून टाकू नका. बहुधा डिस्कची तक्रार असते. पडद्यावर डिस्कची स्थिती वाचा. 'इनिशियलाइज करू का?' असे यंत्राने विचारले तर हो म्हणण्यापूर्वी थांबा. हो म्हणजे डिस्क कोरी.

घटना घडली तर

पहिल्याच दिवशी त्या वेळेच्या आधीचे आणि नंतरचे चित्रण पेन-ड्राइव्हवर उतरवा. उशीर झाला तर यंत्र त्यावरच नवे लिहील. पडद्याचे मोबाईलने काढलेले चित्रण निरोप देण्यापुरते ठीक, मूळ फाईलची जागा ते घेऊ शकत नाही. घड्याळ मागेपुढे असेल तर ते त्या क्षणी दुरुस्त न करता खऱ्या वेळेशी फरक किती आहे ते कागदावर लिहून ठेवा. पोलिसांनी यंत्र किंवा डिस्क नेली तर पंचनाम्यात अनुक्रमांक लिहिला आहे का ते पाहा आणि पोच मागा. प्रमाणपत्राबाबत वकिलाचा सल्ला वेळीच घ्या.

कारागिरांसाठी दोन शब्द

वायरमन आणि मोबाईल दुरुस्ती करणाऱ्या आमच्या तरुणांना या कामात वर्षभर चालणारी रोजी आहे. कॅमेरे बसवून देणारे पुष्कळ आहेत, देखभाल करणारे थोडे. काम सोपवताना मालकाच्या हाती एक कागद द्या. त्यावर प्रत्येक कॅमेऱ्याची जागा, पत्ता, अनुक्रमांक, डिस्क किती दिवस पुरते तो हिशेब आणि बसवल्याची तारीख असावी. पासवर्ड मालकाने स्वतः टाकावा. असा कागद देणाऱ्या कारागिराला दुसरे गिऱ्हाईक शोधावे लागत नाही.

आणि मालकांसाठी एकच नेम सांगतो. महिन्यातून एक दिवस ठरवा. यंत्रासमोर बसून दहा दिवसांपूर्वीची रात्रीची दोनची वेळ काढा. प्रत्येक कॅमेऱ्याचे चित्र पाहा. घड्याळ मोबाईलशी जुळवा. पाच मिनिटांचे चित्रण पेन-ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. यास अर्धा तास लागतो. वर्षाचे सहा तास झाले. एका ट्रकभर मालाच्या किंवा एका खोट्या आरोपाच्या तुलनेत हा सौदा फार स्वस्त आहे.